आत दुमडलेला काठ

रविवारी सकाळी उज्ज्वलच्या जर्मनीतल्या, बाड हॉम्बुर्गच्या घरात इस्त्री तापली होती आणि तिच्याहून जास्त त्याची बायको यामिनी तापली होती. सोफ्यावर, जेवणाच्या टेबलावर, खुर्च्यांच्या पाठींवर घागरेच घागरे पसरलेले. बसायला जागा नव्हती, म्हणून काल उंटरश्लाइसहाइमहून आलेला धाकटा दीर केतन आणि त्याची बायको मीनल स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा पीत होते. केतन तसाही या घरात टेकत नसे. वडिलांच्या, दादारावांच्या पहिल्या स्मृतिदिनाला दोघा भावांत जे बोलणं झालं होतं, त्यानंतर तो इथं यायचा तो आईसाठी, आणि आई आहे तोवरच येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डोंगरापलीकडच्या आल्टनफेल्समध्ये दर चार वर्षांनी जुन्या काळची मिरवणूक निघते. साडेचारशे वर्षांपूर्वीचे सरदार, त्यांच्या बायका, व्यापारी, भिकारी, कोंबड्यावाल्या, सगळं गाव त्या वेळचे कपडे अंगावर चढवून रस्त्यावर येतं. तिथल्या फेराइनच्या, म्हणजे मंडळाच्या शिवणखोलीत यामिनी कितीतरी वर्षं जात होती, आणि तितकीच वर्षं तिच्या वाट्याला भिकारी आणि कोंबड्यावाल्याच आल्या होत्या. या खेपेला शिवणखोलीची प्रमुख फ्राऊ केसलरनं पहिल्यांदा तिला सरदारणीचा पोशाख शिवायला दिला. तो घालून बायकांच्या पहिल्या रांगेत चालणार होती यामिनीची सतरा वर्षांची लेक, धम्मदीपा.

सरदारणीचा पोशाख म्हणजे एकावर एक घागरे. सगळ्यात आत कड्यांचा सांगाडा. त्यावर घेर फुगवायला साधा घागरा. त्यावर समोरून भरजरी दिसणारा तिसरा, आणि सगळ्यावर मखमलीचा, समोरून पडद्यासारखा उघडा. श्रीमंती काय दाखवायची ती त्या उघड्या फटीतून. जिथं नजर जाणार नाही तिथं सरदारणीसुद्धा कसलंही कापड लावत, कारण काटकसर काही एकट्या गरिबांची नसते. यामिनीला हे सगळं तोंडपाठ होतं. पण आज तिला त्यातलं काहीही सासूला समजावून सांगायचं नव्हतं, आणि नेमकं तेच सांगायची वेळ येणार होती.

"आई, तुम्ही हॉलमध्ये नका येऊ अजून," ती दाराकडे न बघता म्हणाली. "पायात टाचणी जाईल."

"टाचणीचं मी बघते," द्रौपदीबाई म्हणाल्या आणि आत आल्या.

त्यांनी पांढरी साडी नेसली होती, इस्त्रीची. गेल्या वर्षी उदगीरहून येताना त्यांनी पेटीतून एकच जड वस्तू आणली होती, सासूचं, राहीबाईंचं हिरवं लुगडं. इरकली, तांबड्या रुंद काठाचं. नातीच्या पोशाखासाठी कापड हवंय हे कळल्यावर त्यांनी ते स्वतः यामिनीच्या हातात ठेवलं होतं. अट एकच घातली होती: काठ दिसला पाहिजे. यामिनी हो म्हणाली होती. मग द्रौपदीबाईंनी उदगीरच्या महिला मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांना फोन करून सांगितलं, की राहीबाईंचा काठ जर्मनीतल्या रस्त्यावरून चालणार आहे, फोटो पाठवते.

त्या तिसऱ्या घागऱ्यापाशी थांबल्या. समोरच्या पट्टीवर जरीचे मोर होते.

"हे काय?"

"पैठणी आहे, आई." यामिनीनं इस्त्री उभी केली. "मीनलची. तिनंच दिली."

"लुगडं कुठंय?"

यामिनीनं धम्मदीपाकडे बोट दाखवलं. पोरगी सांगाड्यावर दुसरा घागरा चढवून खिडकीपाशी उभी होती. हिरवं कापड घेरदार पसरलं होतं, छान पसरलं होतं. काठ कुठंच नव्हता.

"आत आहे तो," यामिनी घाईघाईनं म्हणाली. "कापलेला नाही. खालच्या घेराला वजन यावं म्हणून आत दुमडलाय. शिवणात तसंच करतात. फ्राऊ केसलर म्हणाली, समोर सूत चालणार नाही. रेशीमच हवं. मग म्हटलं लुगडं वाया नको जायला. तुमचंच लुगडं सगळा घेर उचलून धरतंय, आई."

द्रौपदीबाई नातीच्या पायाशी जमिनीवर बसल्या. गुडघे दुखत होते, तरी बसल्या. घागऱ्याची कड उलटून पाहिली. तांबडा काठ आतल्या बाजूला, बारीक सुबक टाक्यांनी बसवलेला. त्यांनी शेजारची छोटी कात्री उचलली आणि टाके उसवायला सुरुवात केली.

"आजी?" धम्मदीपा म्हणाली. "वास माख्स्ट दू दा?"

"उसवतेय, बाळा. हलू नकोस."

*

मीनलनं हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि तिच्या हातातला चहा निवला.

ती पैठणी तिच्या आईनं पुण्याहून कुरियरनं पाठवली होती. लग्नाला आई-वडील आले नव्हते. मुलगी बौद्धांच्या घरात गेली हे नातेवाइकांत कसं सांगायचं, या पेचात त्यांनी मांडवात यायच्याऐवजी खोकं पाठवलं. मीनलनं ते वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं. वहिनींना रेशीम हवंय म्हटल्यावर ते खोकं तसंच गाडीत टाकून एकटीनंच शिवणखोलीत आणून दिलं होतं. कापताना तिनं स्वतः टोक धरलं होतं, आणि कात्री मोरातून गेली तेव्हा तिला बरं वाटलं होतं. ते मोर कुणाच्या जागेवर बसणार आहेत हे तिनं विचारलं नव्हतं.

"दादा," केतननं कप ओट्यावर आपटला. "आईला विचारून केलं का हे?"

उज्ज्वल फोनवर गाडीचा रस्ता बघत होता. घरात काही पेटलं की त्याला नकाशा बघायची सवय होती. "केतन, तू यात नको पडूस. आल्झो, चला, साडेदहाला तिथं उभं राहायचंय. आई, ऊठ ना. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तुझ्या घरात प्रत्येक गोष्ट एका दिवसाचीच असते."

"तू ठेव ना मग आईला तिकडं. ठेवतोस?"

केतननं कप पुन्हा उचलून त्यात पाहिलं. मीनलनंही खाली पाहिलं. यामिनीला ते दिसलं आणि त्याही स्थितीत तिला थोडं समाधान वाटलं, खोटं कशाला बोला.

"आई, प्लीज थांबा," ती गुडघ्यावर बसत म्हणाली. "काठ खाली सोडला तर तो मखमलीच्या खाली चार बोटं दिसेल. फ्राऊ केसलर दारातच प्रत्येकीला तपासते. दीपाला रांगेतून काढून मागं कोंबड्यावाल्यांत पाठवेल. त्या काळचा नियमच होता तसा, क्लायडरऑर्डनुंग. कुणी कसलं कापड घालायचं, काठ केवढा लावायचा, सगळं गावानं ठरवलेलं. खालच्या बाईनं वरच्यांसारखं नेसलं तर दंड व्हायचा."

"मोजायचं कोण?"

"गावाचा शिपाई असायचा."

"आमच्याकडं पाटलाचा माणूस होता," द्रौपदीबाई म्हणाल्या. कात्री चालूच होती. "आमच्या वस्तीतल्या बायांनी काठाचं लुगडं नेसलं, तर काठ निऱ्यांच्या आत दडवायचा. बाहेरून नुसतं कापड दिसलं पाहिजे. काठ दिसला की चावडीवर बोलावणं. राहीबाईंनी निम्मा जन्म तसाच काढला. दीक्षेच्या वर्षी त्यांनी हे लुगडं घेतलं आणि काठ बाहेर काढून बाजाराच्या रस्त्यानं चालत गेल्या. दोन्ही बाजूला माणसं उभी होती. आज तिथं उभी राहतील तशीच."



यामिनीला हे ठाऊक नव्हतं. तिचे वडील बँकेत होते, ती ठाण्याच्या कॉलनीत वाढली. वडिलांनी मागचं सगळं मोठ्या कष्टानं विसरून मुलींना पुढं ढकललं होतं. तिच्या माहेरी जयंती होती, वंदना होती, पुस्तकं होती. पण चुलत्या-आत्यांच्या असल्या गोष्टी कुणी काढत नसे. तिला आधी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला.

"मला कधी सांगितलंत तुम्ही हे?"

"काठ दिसला पाहिजे, हे सांगितलं होतं."

"का ते नाही सांगितलंत."

"घरात ते सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

"मग मी समोर बसवलं नाही म्हटल्यावर मला विचारलं असतंत..."

"तू लपवलंस, यामिनी. विचारू कशाला? महिनाभर मी रोज म्हणतेय, दाखव. तू रोज म्हणतेस, व्हायचंय अजून."

हे खरंच होतं. यामिनीचा चेहरा लाल झाला. "हो, लपवलं. कारण तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मला नाही ऐकायचं नव्हतं. लॅबमधली नोकरी सोडून मी इथं आले. माझी डिग्री मान्य करायला कागद, त्या कागदाला आणखी कागद. या गावात मी उज्ज्वलची बायको, दीपाची आई. त्या शिवणखोलीत पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव नीट उच्चारायला शिकलं. त्यांनी सांगितलं सूत नको, मी नाही लावलं. एवढाच माझा गुन्हा."

"वहिनी, माझी पैठणी काढा," मीनल दारातून म्हणाली. "आईंचा काठ लावा तिथं. मला नको ते मोर."

"आत्ता म्हणतेस?" यामिनी तिच्याकडे वळली. "कापताना बरं वाटलं होतं ना तुला? आईवरचा राग तू माझ्या कात्रीनं काढलास. आता चांगलं व्हायलाही माझेच हात हवेत."

केतननं बायकोकडे पाहिलं. पैठणी तिनं दिली हे त्याला आत्ताच कळत होतं. त्याला वाटत होतं ती कपाटात आहे, आणि ती कपाटात आहे म्हणजे पुण्याचं दार अजून पुरतं बंद नाही. तो बाल्कनीत गेला.

मीनलला वाटलं, आता तरी आई आपल्याकडे बघतील. एक शब्द बोलतील. द्रौपदीबाईंनी वर पाहिलंच नाही.

*

धम्मदीपाला सगळं मराठी कळत होतं. अशा वेळी न कळतं तर बरं, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. ती त्या कड्यांच्या सांगाड्यात उभी होती. बसता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं, आणि पायाशी आई आणि आजी दोघी बसल्या होत्या. हे सगळं तिच्यासाठी चाललंय असं दोघी म्हणत होत्या. तिला या मिरवणुकीत जायचं होतं का, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. खरं तर तिला जायचं होतं. तिच्या वर्गातल्या दोघी तिसऱ्या रांगेत होत्या आणि ती पहिल्या. पण आजीच्या हातातला तो तांबडा काठ बघून तिला आता काहीच कळेनासं झालं.

"आजी," ती म्हणाली. "दू एंटशाइडेस्ट."

"म्हणजे मी ठरवायचं होय," द्रौपदीबाई म्हणाल्या. एवढं जर्मन त्या घरात कानावर पडून त्यांना येत होतं.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. उज्ज्वलनंसुद्धा फोन खाली केला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, आणि तो द्रौपदीबाईंना झोंबला. काठ बाहेर म्हणावं, तर नात मागं जाणार, सुनेची इतक्या वर्षांची मेहनत जाणार, आणि दर दिवाळीला, दर भांडणाला हे निघणार, की आईंनी मोडता घातला. आत म्हणावं, तर उदगीरला काय तोंड दाखवायचं. दादाराव असते तर म्हणाले असते, तू ठरव, मी मागं आहे. हे सगळे पुढं होते आणि मागं कुणीच नव्हतं.

"सुई द्या," त्या म्हणाल्या.

यामिनीनं सुई ओवायला घेतली, पण दोरा नेढ्यात जाईना. द्रौपदीबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली, खिडकीकडे धरून ओवली. पोरीच्या अंगावरच शिवायचं होतं, काढून घालायला वेळ नव्हता.

"दीपा, दातात दोरा धर," मीनल सवयीनं म्हणाली. "अंगावर शिवताना धरतात."

"आमच्या घरात असलं मानत नाहीत," द्रौपदीबाई म्हणाल्या.

मीनलला तो 'आमच्या' बोचला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि तिनं माहेर सोडलं होतं ते याच घरासाठी.

द्रौपदीबाईंनी काठ अंगठ्यानं दाबून आत दुमडला. पहिला टाका घातला. खोलीत मखमलीचा वास होता आणि इस्त्रीच्या वाफेचा.

"राहीबाईंना गावानं सांगितलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "मला माझ्या घरानं."

यामिनी उठून मखमल आणायला गेली. तिला रडू आवरत नव्हतं आणि ते तिथं दाखवायचं नव्हतं.

शेजारी बसून मीनल काठ धरून देत होती. तिला दिसत होतं की टाके लांब आहेत. बोटभर लांब. कच्चे, नुसते धरून ठेवायला घालतात तसे. घेर पुरा झाला, द्रौपदीबाईंनी दोरा तोडला आणि टोक तसंच आत सरकवलं. गाठ मारली नाही. मग त्यांनी मीनलकडे पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदा. मीनलनं हातातली कड सोडली आणि उरलेल्या टाचण्या गोळा करायला लागली. 

"झालं," द्रौपदीबाई म्हणाल्या. "चला, उशीर होतोय."

*

फ्राऊ केसलरनं धम्मदीपाला वेशीपाशी दोनदा गोल फिरवलं, मोरांवरून बोट फिरवलं आणि "ट्राउमहाफ्ट, यामिनी", म्हणजे स्वप्नातल्यासारखं झालंय, असं म्हणाली. नाव तिनं अगदी नीट उच्चारलं. यामिनीनं मान हलवली. ज्या शब्दासाठी इतकी वर्षं घालवली तो ऐकताना तिच्या मनात नुसती अंगठ्याखाली दुमडणारी ती तांबडी कड होती.

मिरवणूक निघाली. शिवणाऱ्या बायका रांगेच्या कडेनं चालत, मनगटावर टाचण्यांची उशी बांधून, कुणाचं काही सुटलं तर सावरायला. ढोल वाजत होते. पहिल्या गल्लीत सगळं ठीक होतं. मग चौकातले उंचसखल दगड लागले, मुलींचे घेर हेलकावायला लागले, आणि विहिरीच्या वळणावर यामिनीला मखमलीखाली तांबडं काहीतरी दिसलं.

आधी वीतभर होतं. मग पावलागणिक वाढत गेलं. दोरा तुटत नव्हता, सरकत होता, अख्खाच्या अख्खा. टाका तुटला की कसा तुटतो आणि सोडलेला दोरा कसा सुटतो, हे यामिनीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं समोर पाहिलं. बेकरीच्या पायरीपाशी पांढऱ्या साडीत सासू उभी होती, शेजारी मीनल. फोटो काढायला फोन मीनलच्या हातात आधीच तयार होता.

पुढून फ्राऊ केसलर मागं वळून बघत होती.

यामिनी धावली. रस्त्यातच गुडघे टेकून तिनं घागऱ्याची कड धरली, टाचण्या दातात धरल्या आणि काठ आत दुमडायला लागली. रांग थांबली. मागचे ढोल थांबले. दोन्ही बाजूंची माणसं माना लांबवून बघायला लागली.

"लास, मामा," धम्मदीपा आईला म्हणाली.

"दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं उभी राहा."

"सोड," मुलगी मराठीत म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी घेर ओढून घेतला आणि चालायला लागली. लावलेल्या टाचण्या दगडांवर पडल्या. हिरव्या कापडाखाली तांबडा काठ पूर्ण उलगडला, रुंद, आल्टनफेल्सच्या दगडांना घासत. रांग पुन्हा सुरू झाली आणि दोन्ही बाजूंनी यामिनीला वळसा घालून पुढं गेली.

द्रौपदीबाईंनी काठ पाहिला. इतक्या दिवसांपासून त्या या क्षणासाठी थांबल्या होत्या. ऊर भरून येईल असं त्यांना वाटलं होतं. पण काठाबरोबर त्यांना रस्त्यात गुडघ्यावर बसलेली सूनही दिसत होती, आणि नजर पुन्हा पुन्हा तिकडंच जात होती. राहीबाई बाजारातून गेल्या तेव्हा त्यांच्या घरातलं कुणी रस्त्यात बसलं नव्हतं.

"आई, दिसला," मीनल हळूच म्हणाली. "फोटो काढला मी. उदगीरला पाठवू?"

द्रौपदीबाई अजून सुनेकडेच बघत होत्या.

यामिनी उठली. दातातल्या टाचण्या काढून तिनं उशीत खोचल्या. दगडांच्या फटीत पडलेला दोरा उचलला, बोटाला गुंडाळत गुंडाळत रस्ता ओलांडला आणि बेकरीच्या पायरीपाशी आली. डोळे कोरडे होते. तिनं तो दोरा सासूच्या हातावर ठेवला.

"गाठ मारायची राहिली होती, आई."

"राहिली नव्हती," द्रौपदीबाई म्हणाल्या.